पंपाची बॅटरी गेली की चार्जर?

मैत्रिणींनो, फवारणीचे दिवस आले की गटाचा बॅटरीपंप या घरातून त्या घरी फिरतो आणि एक दिवस दोन टाक्यांतच बसतो. मग "शेवटी कोणी नेला होता?" सुरू होतं. आमच्याकडे असंच झालं. गटाचे अकराशे रुपये घालून नवी बॅटरी आणली, चार दिवसांत तीही बसली. दोष चार्जरचा निघाला. ज्या ताईवर ठपका आला, ती पुढच्या दोन बैठकांना आलीच नाही.

आधी बोर्ड बघा. त्याच सॉकेटला मोबाईल चार्ज होतो, पण पंपाच्या चार्जरचा दिवाच लागत नाही, तर बिघाड चार्जरमध्ये. वायर बहुतेक वेळा पिनेजवळच वाकून आतून तुटते.

बहुतेक चार्जरवर लाल दिवा म्हणजे चार्जिंग चालू, हिरवा म्हणजे बॅटरी भरली. पंप उतरलेला असताना लावल्या लावल्या हिरवा लागला तर खूश होऊ नका! वीज बॅटरीपर्यंत पोचतच नाही. पिन सैल असेल, पंपातला फ्यूज उडाला असेल, वायर तुटली असेल किंवा बॅटरी पार मेली असेल. आमचा चार्जर असाच हिरवा दाखवून फसवत होता. उलट रात्रभर लालच राहिला तर बॅटरी थकल्याचा संशय घ्या.

खात्रीसाठी मल्टीमीटर. गटाने एक साधा घेऊन ठेवावा, नाहीतर वायरमनकडे असतोच. काटा डीसी २० वर ठेवा, लाल काडी बॅटरीच्या अधिकला, काळी उण्याला. आकडा लिहून घ्या आणि चार्जर लावा. १२ व्होल्टच्या साध्या, शिशाच्या बॅटरीवर आकडा हळूहळू १३ च्या पुढे, १४ च्या आसपास चढायला हवा. जागचा हललाच नाही तर शेजारच्या गटाचा तसाच चार्जर लावून बघा. त्याने चढला, तर आपला चार्जर गेला. १५ च्या वर गेला तर लगेच काढा, बॅटरी खराब होईल. पूर्ण चार्ज करून रात्रभर काढून ठेवलेली बॅटरी सकाळी १२ च्या खाली दिसली, तर मात्र बॅटरीच बदला.

दुसऱ्याचा चार्जर लावताना लेबल वाचा. लिथियम बॅटरीला शिशाच्या बॅटरीचा चार्जर कधीच लावू नका, आग लागू शकते. चार्जर घरी उघडूही नका. प्लग काढल्यावरही आत झटका देण्याइतकी वीज राहू शकते.

हंगाम संपला की पंप धुऊन, पूर्ण चार्ज करून ठेवा आणि महिन्यातून एकदा परत चार्ज करा. तारीख गटाच्या वहीत लिहा, म्हणजे कोणी नेला यावरून भांडण नको.