बुडालेल्या जहाजाचे वय

नौपाड्यातून ठाण्याच्या मध्यवर्ती तुरुंगाकडे गेलात, तर त्याच्या दगडी तटाकडे जरा निरखून पाहा. हा मूळचा पोर्तुगीजांचा किल्ला. १७३० साली त्याचे बांधकाम सुरू झाले आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे जिंकले. जमिनीवरची अशी खूण कोणालाही दिसते. पण पोर्तुगीजांची जी जहाजे आपल्या किनाऱ्यावर बुडाली, त्यांचा माग कसा काढायचा?

हे काम गोव्यात दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील पुरातत्त्वज्ञ करतात. लोथलचे उत्खनन करणारे डॉ. एस. आर. राव यांनी तेथे या कामाची पायाभरणी केली. द्वारकेच्या समुद्रातील शोधकार्यामुळे ते लोकांना ठाऊक झाले. पुढे गोव्याच्या किनाऱ्याजवळ, सुंची रीफ या खडकाळ भागात, संस्थेच्या पाणबुड्यांना एका जहाजाचे अवशेष सापडले. लोखंडी तोफा, चिनी मातीच्या भांड्यांचे तुकडे, काचेच्या बाटल्यांचे बूड, हत्तीचे सुळे आणि चक्क पाणघोड्याचे दात!

पाणघोडा आपल्याकडच्या नद्यांत नाही, तो आफ्रिकेचा. त्याचे दात हस्तिदंतासारखेच कोरीव कामाला चालत. म्हणजे एकाच जहाजात आफ्रिकेचा माल आणि चीनची भांडी. पण हे जहाज कधीचे? उष्ण समुद्रात उघडे पडलेले लाकूड किडे पोखरून टाकतात, आणि जहाजाचे नाव लिहिलेली पाटी काही कोणी शिल्लक ठेवत नाही. अशा वेळी साध्या मातीच्या खापरांना विचारावे लागते. येथे आमचे भौतिकशास्त्र उपयोगी पडते.

मातीत क्वार्ट्‌झचे बारीक कण असतात. मातीत व आसपासच्या रेतीत युरेनियम, थोरियम व पोटॅशियम यांचे अत्यल्प किरणोत्सर्गी अंशही असतात. त्यांच्या किरणांमुळे क्वार्ट्‌झमधील काही इलेक्ट्रॉन जागचे हलतात आणि स्फटिकातील दोषांच्या ठिकाणी अडकून पडतात. वर्षे जातील तशी अडकलेल्यांची संख्या वाढते. कुंभाराने मडके भट्टीत भाजले की सगळे इलेक्ट्रॉन सुटतात. जणू पाटी कोरी होते. तेव्हापासून मोजणी पुन्हा शून्यातून सुरू. प्रयोगशाळेत खापराची पूड तापवली की अडकलेले इलेक्ट्रॉन सुटताना मंद प्रकाश देतात. याला तापदीप्ती म्हणतात. त्या प्रकाशावरून खापराने आजवर किती किरणमात्रा साठवली ते कळते. तिला दर वर्षाच्या मात्रेने भागले की वय निघाले.

समजा, साठलेली मात्रा १.४ ग्रे आहे आणि वर्षाला ०.००४ ग्रे मिळते. वय ३५० वर्षे. (हे आकडे केवळ उदाहरणासाठी घेतले आहेत.) भागाकार तिसरीतला आहे; अवघड आहे तो छेद. वर्षाची मात्रा खापरातील अंशांवर अवलंबून असते, तशी भोवतालच्या रेतीवरही असते. शिवाय खापराच्या छिद्रांत मुरलेले पाणी काही किरणे शोषून घेते, म्हणून ओल्या खापराला मात्रा कमी मिळते. आता तेच खापर कोणी हौशी माणसाने उचलून घरच्या कपाटात ठेवले, तर ते कोणत्या रेतीत पडले होते हे कसे कळणार? छेद ०.००४ ऐवजी ०.००५ धरला गेला, तर वय २८० होते. सत्तर वर्षांची चूक! खापर अखंड राहते, पण त्याची तारीख पुसली जाते. सुंचीच्या खापरांवर ही परीक्षा झाली आणि इतर वस्तूंशी ताळा पाहून जहाज सतराव्या शतकाच्या आरंभीचे ठरले.

म्हणूनच समुद्रतळावर घाई चालत नाही. पाण्यात वस्तू सुमारे एक तृतीयांशाने मोठ्या व जवळ दिसतात. हा वक्रीभवनाचा खेळ तुम्ही नववी-दहावीत शिकता. त्यामुळे अंतर डोळ्यांनी ठरवायचे नाही, टेपनेच मोजायचे. रेती हटवण्यासाठी फावडे निरुपयोगी. हाताने पंख्यासारखी हलवतात, नाहीतर एअरलिफ्ट लावतात. उभ्या रुंद नळाच्या खालच्या टोकात दाबाची हवा सोडली की नळातील बुडबुडेमिश्रित पाणी हलके होते आणि बाहेरचे जड पाणी रेतीसकट आत घुसून वर चढते. घरी माशांची टाकी असेल, तर तिच्यातील हवेवर चालणारी गाळणी पाहा. तत्त्व तेच!

खोली वाढली की वेळ आणखी महाग होतो. तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर उलुबुरुन येथे १९८२ मध्ये स्पंज गोळा करणाऱ्या एका पाणबुड्याला ‘कान असलेली धातूची बिस्किटे’ दिसली. त्याने पाहिलेले वरच्या लोकांना सांगितले, आणि ३३०० वर्षांपूर्वीचे जहाज उजेडात आले. ती बिस्किटे म्हणजे तांब्याच्या लाद्या होत्या. ४० मीटरहून खोल, पाच वातावरणांहून अधिक दाबाखाली, रक्तात नायट्रोजन विरघळतो. म्हणून एका वेळी जेमतेम वीस मिनिटे, दिवसातून दोनदा, एवढीच मुभा. १९८४ ते १९९४ या काळात बावीस हजारांवर बुड्या माराव्या लागल्या. गंमत म्हणजे त्याही जहाजात हस्तिदंत आणि पाणघोड्याचे दात होते!

वर आणलेल्या वस्तूचे कामही संपलेले नसते. समुद्रातील लोखंडी तोफ तशीच उन्हात वाळू दिली, तर आत शिरलेल्या क्षारांमुळे तिचे पापुद्रे सुटतात. तिला महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे, पाणी बदलत भिजत ठेवावे लागते. खापराचे तंत्र वेगळे. तापदीप्तीसाठी निवडलेले खापर उजेडापासून जपून, ओले असतानाच, काळ्या पिशवीत घालतात. सोबत दुसऱ्या पिशवीत त्याच जागेची मूठभर रेती असते, आणि दोन्हींवर एकच क्रमांक लिहिलेला असतो.