परिभाषेचे रुजणे : कुंडल आणि वारणा खोरे

कुंडल हे पूर्वी औंध संस्थानातील गाव. त्याच्या जवळ, कुंडल रोड स्थानकालगत, लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० साली कारखाना उभारला. त्या वसाहतीस पुढे किर्लोस्करवाडी हे नाव पडले. तेथील अवजार शेतकऱ्यास नवे होते, नाव मात्र नवे घडवावे लागले नाही. ‘नांगर’ या शब्दास ‘लोखंडी’ हे विशेषण जोडले आणि काम भागले. संगणकाच्या बाबतीत क्रम उलटा झाला : शब्द आधी आले, काम मराठीतून होण्यास मात्र फार उशीर लागला.

‘संगणक’ हा शब्द पाठ्यपुस्तकांत व वृत्तपत्रांत रूढ झाला, हे यश लहान नव्हे. तरी बोलण्यात ‘कॉम्प्युटर’च राहिला. याचा दोष संस्कृत घडणीच्या क्लिष्टतेस देण्याची प्रथा आहे. ती पटण्याजोगी नाही. ‘चक्रवाढ’ हा शब्द तरी कोठे सोपा आहे? परंतु व्याजाचा हिशेब मराठीत होत असल्यामुळे तो निरक्षर ऋणकोसही कळतो.

१९९८ साली कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी, वारणेच्या सहकारी साखर कारखान्याच्या आधाराने, संगणक केंद्रांची योजना सुरू झाली. शेती, बाजारभाव व शिक्षण यांविषयीची माहिती खेड्यात पोचावी, हा तिचा व्यापक हेतू. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यत्वे उसाचे वजन, खताची खरेदी आणि कारखान्याकडील हिशेब यांपुरता झाला. पुढे सात गावांत हेच काम प्रयोगादाखल मोबाईलच्या लघुसंदेशांनी करून पाहिले, व ते भागले. शेतकऱ्यास यंत्राशी कर्तव्य नव्हते. आपल्या उसाचे टनेज कळण्याशी होते.

शासनाने मात्र साक्षरतेचे माप प्रमाणपत्रात शोधले. २००१ साली एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला व पुढे शासकीय सेवेत आवश्यक ठरला. देवनागरीचा समावेश युनिकोडमध्ये १९९१ सालीच झाला होता. तथापि ‘ॲ’ या अक्षरास तेथे स्वतंत्र स्थान २००८ साली मिळाले, आणि दरम्यान एका कचेरीचा मजकूर दुसरीच्या संगणकावर निरर्थक चिन्हांच्या रूपाने उघडत असे. लिपीच जेथे वाटेत हरवते, तेथे परिभाषाकोश काय करणार?

आज कुंडलच्या खातेदारास डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा संकेतस्थळावरून मिळू शकतो. उतारा, फेरफार, गट क्रमांक हे शब्द त्याच्या पिढीजात ओळखीचे आहेत. अडते ते ‘लॉगिन’ व ‘ओटीपी’ या पायरीवर. ज्यास तेथे अर्थ लागत नाही, तो आपला संकेतांक दुसऱ्याच्या हाती देतो आणि त्यासोबत खातेही. ‘ओटीपी’स मराठी प्रतिशब्द द्यावा की नाही, हा वाद त्यामुळे दुय्यम ठरतो; तो आकडा कोणासही सांगावयाचा नसतो, हे त्याच पडद्यावर ठळक मराठीत छापणे अगोदरचे.