रिंग किती लांबून टाकाल?

गटाच्या बैठकीत आपण पटकन म्हणतो, "तिला काही करायची इच्छाच नाही." मीही म्हणायचे. पण कोणाची इच्छा किती, हे मोजता येतं का?

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी तसा प्रयत्न केला. ते माणसाला चित्र दाखवून त्यावर गोष्ट रचायला सांगत. गोष्टीतून तीन ओढी तपासत: काम आणखी चांगलं करण्याची, माणसं जोडण्याची आणि इतरांवर प्रभाव पाडण्याची. तिन्ही प्रत्येकात असतात, प्रमाण वेगळं. १९६४ च्या सुमारास त्यांनी आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यावसायिकांना प्रशिक्षण दिलं. प्रशिक्षण न घेतलेल्यांपेक्षा त्यांनी पुढे जास्त धडपड केली, नवे उद्योग काढले. म्हणजे ही ओढ जन्माची ठरलेली नसते, वाढवता येते.

आपल्या राज्यात १९८८ पासून महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र आहे. उद्योजकता प्रशिक्षणांत रिंग टाकण्याचा खेळ घेतात. खुंटीपासून किती लांब उभं राहायचं, ते आपणच ठरवायचं. कोणी अगदी जवळून टाकतं, कोणी नशिबावर हवाला ठेवून फार लांबून. जमेल, पण मेहनत लागेल असं मधलं अंतर निवडणारीची जिद्द जास्त, असं मानतात.

मी हा खेळ चाकणच्या एका गटात घेतला. एक ताई खुंटीला चिकटूनच उभ्या राहिल्या. मी वहीत त्यांच्या नावापुढे "जिद्द कमी" लिहिलं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "मॅडम, रिंग चुकली तर उचलून परत टाकता येते. हप्ता चुकला तर?" नवरा कंपनीत कंत्राटी, काम कधी थांबेल याचा नेम नाही. याच ताईंनी कामगारांचे डबे दोनापासून सुरू करून एकेक वाढवत अकरावर नेले होते! मी मोजली ती त्यांची जिद्द नव्हतीच. पाय घसरला तर सावरायला घरात किती आधार आहे, ते मोजलं होतं. वहीतला शेरा मी खोडला.

म्हणून मैत्रिणींनो, खेळ जरूर घ्या, पण त्यावरून कर्जाची यादी करू नका. सहा महिन्यांनी पुन्हा घ्या, अंतर बदललेलं दिसेल. आणि प्रत्येकीला तीन गोष्टी विचारा: काय करावंसं वाटतं? भीती कशाची? चुकलं तर मागे कोण आहे? तिसऱ्याचं उत्तर "कोणी नाही" आलं, तर तिथे गटाने उभं राहायचं. मग बघा, ती स्वतःहून एक पाऊल मागे सरकून रिंग टाकते की नाही!