लॅपटॉप घेताय? आधी पोटात डोकवा!

मुलांनो, दुकानातलं चकचकीत झाकण पाहून भुलू नका बरं का! पैसे बेताचे असतील, तर वेगळ्या ग्राफिक्स कार्डाचा हट्ट सोडा. अभ्यासाला आणि माइनक्राफ्टसारख्या खेळाला प्रोसेसरमधलं ग्राफिक्सही पुरतं. फक्त त्याला स्वतःची मेमरी नसते. ते रॅममधूनच उसनी घेतं. म्हणून ८ जीबीची एकच पट्टी असेल तर विचारा, "काका, दुसरी बसवायला जागा आहे का?" सारख्या दोन पट्ट्यांतून माहिती एकदम येते, खेळ कमी अडखळतो. काही लॅपटॉपांत रॅम मदरबोर्डलाच कायमची जोडलेली असते. जागाही नसेल, तर तिथे वाढवणं संपलंच! साठवणीला एसएसडीच हवी. आईबाबा, जागा असली तर दुसरी पट्टी पुढच्या वर्षी घेतली तरी चालेल.