काशीहून आल्यावरचे दोन दिवस

मंडळी, चार दिवस घर सोडायचं म्हटलं की आपली तयारी महिनाभर आधी सुरू होते. गाय कोण पिळणार, पाण्याची पाळी कोण धरणार, कोंबड्या कोण कोंडणार. जाण्याचा असा सारा विचार होतो, परत येण्याचा मात्र कुणी करत नाही. एसटीतून उतरायचं, पिशव्या ओसरीवर टाकायच्या आणि पारोशा अंगानं गोठ्यात शिरायचं, ही आपली रीत. चार दिवसांनी शेजारीण विचारते, "काय पाहिलं गं?" तेव्हा धड काही आठवतसुद्धा नाही.

गेल्या माघात आम्ही चौघं काशीला जाऊन आलो. थोरले दीर, ज्यांना घरात सारेच दादा म्हणतात, जाऊबाई, मी आणि आमच्या घरचे. आमचं गाव सासवडच्या पुढं. आगगाडी पुण्याला लागली तेव्हा शुक्रवारची रात्र झाली होती. जाऊबाईंची लेक पुण्यात सदाशिव पेठेत दिली आहे, तिच्याकडे मुक्काम टाकला. दादांचं म्हणणं, पहाटेच निघू. गाय दिवसांत होती, गव्हाला पाणी द्यायचं होतं आणि त्या आठवड्यात वीज रात्रीची. लेक म्हणाली, "दादा, मला नि ह्यांना शनिवार-रविवार सुट्टी आहे. गावी फोन केलाय मी. गाईकडं बघतायत, गव्हाचं पाणीही धरतायत. आता सोमवारी जायचं."

दादांची चुळबूळ काही थांबेना. ती गाईसाठी नव्हती, हे मला ठाऊक होतं. त्याच पेठेत, भिकारदास मारुतीच्या बाजूला, आमच्या वन्सं राहतात.

आक्का म्हणजे आमच्या वन्सं दादांहून सहा वर्षांनी मोठ्या. यजमान छापखान्यात होते, ते आता नाहीत. मुलगा परगावी नोकरीला. सासरे वारल्यावर सात-बाऱ्यावर वारसांची नावं लागायची वेळ आली, तेव्हा दादांनी आक्कांकडून हक्कसोड लिहून घेतलं. लेकीला कायद्यानं वाटा आहे. 2005 सालच्या दुरुस्तीनं तर वडिलोपार्जित जमिनीत तिचा हक्क लेकाच्या बरोबरीचा झाला. आक्कांनी तो कधी मागितला नाही. कचेरीत आल्या, सही केली आणि चहासुद्धा न घेता परतीच्या एसटीत बसल्या. भांडण नाही, शब्दाला शब्द नाही. फक्त सही घेताना दादा म्हणाले होते, "दर दिवाळीला न्यायला येईन," आणि पहिल्याच दिवाळीला ते गेले नाहीत. मग कुठल्या तोंडानं जायचं, म्हणून पुढच्याही दिवाळ्या गेल्या. सात वर्षं आक्कांचं पाऊल माहेरी पडलं नव्हतं.

शनिवारी सकाळी पुण्याच्या घरात उठून करायचं काय? नळाला पाणी, गॅसवर चहा. आम्हा दोघी जावांना हातपाय बांधल्यासारखं झालं. जावई म्हणाले, चला, पाय मोकळे करून येऊ. तुम्हीही कधी स्वारगेटला उतरलात तर ही पेठ चालतच बघा, फार लांब नाही. जुने वाडे आता थोडेच उरले, बाकी सगळ्या इमारती. या पेठेला नाव मिळालं ते नानासाहेब पेशव्यांच्या चुलतभावाचं, सदाशिवराव भाऊंचं. ते भाऊ उत्तरेत गेले ते परत आलेच नाहीत. 14 जानेवारी 1761 रोजी ते पानिपतावर पडले.

पुढं भारत इतिहास संशोधक मंडळाची इमारत लागली. इतिहासाचार्य राजवाडे आणि खंडेराव मेहेंदळे यांनी 1910 साली ही संस्था काढली. जुनी दप्तरं, पोथ्या, मोडीतले कागद इथं जपून ठेवतात. जावई म्हणाले, "गोडसे भटजींच्या 'माझा प्रवास'ची मूळ वही या मंडळाकडे आली." दादांनी विचारलं, "हे कोण?" मग तिथंच रस्त्याकडेला उभं राहून आम्ही ती हकीकत ऐकली.

विष्णुभट गोडसे हे पेणजवळच्या वरसईचे. घरची गरिबी, डोक्यावर कर्ज. चार पैसे दक्षिणा मिळेल म्हणून 1857 साली काकांबरोबर उत्तरेला निघाले, आणि नेमकं त्याच वर्षी बंड उठलं. झाशीला वेढा पडला तेव्हा हे आत होते. जमवलेलं सगळं लुटलं गेलं. एवढं होऊनही काशीला गेले आणि आईबापांसाठी गंगेची कावड घेऊन पायी घरी परतले. जाऊन दोन वर्षांहून अधिक काळ लोटला होता. पैसा हाती लागला नाही, पण म्हाताऱ्यांना गंगेची आंघोळ घातली. ही सारी हकीकत त्यांनी 1883 साली लिहून काढली आणि ती छापली गेली 1907 साली.

दादा काही बोलले नाहीत. घरी येऊन पिशवीतले गडू मात्र पुन्हा मोजले. काशीहून आपण तोंड बंद केलेले गंगेचे गडू आणतो, ते कुणाकुणाचे ते आधीच ठरलेलं असतं. आमच्यात एक जास्तीचा निघाला. कुणाचा, ते कुणी विचारलं नाही.

दुपारी पेठ झोपते, हे पुण्याबद्दल ऐकलेलं खरंच आहे. आम्हीही झोपलो. घरी भर दुपारी मी शेवटची कधी झोपले होते, बाळंतपणातच बहुतेक. चारला उठले तर दादा टोपी घालून दारात उभे, हातात गडू.

आक्कांनी दार उघडलं. क्षणभर बघत राहिल्या. मग "या," एवढंच म्हणाल्या आणि पाण्याचा तांब्या ठेवला. दादांनी गडू पाटावर ठेवला आणि पाया पडले. बराच वेळ कुणाला काही सुचेना. शेवटी आक्कांनीच विचारलं, "काशीला काय सोडून आलास?"

काशीला गेलं की आवडीची एक भाजी, एक फळ सोडायचं असतं, तुम्हांला माहीतच आहे. दादा म्हणाले, "तोंडली."

"तोंडली तुला लहानपणापासून आवडत नाहीत," आक्का म्हणाल्या. "देवालाही फसवलंस होय रे!"

आधी जाऊबाई हसल्या, मग सगळेच. हसता हसता दादांनी डोळ्यांना उपरणं लावलं. "आक्का, त्या दिवाळीला मी स्वारगेटपर्यंत आलो होतो," ते म्हणाले. "तिथून माघारी गेलो." आक्कांनी उत्तर दिलं नाही. उठून चहा ठेवला. पण रात्री जेवूनच जा म्हणाल्या.

रविवारी आक्काच लेकीकडे आल्या. त्या दिवशी आम्ही काय केलं म्हणाल, तर काहीच नाही. शेंगा भाजल्या, भाकरी थापल्या, घाट चढून आलेल्या माणसांसारखं पाय पसरून बसलो. काशीच्या गल्ल्या, गंगेवरची थंडी, गाडीत चोरीला गेलेली माझी चप्पल, सगळं दोनदा सांगून झालं. आक्का विचारत होत्या गावचं. विहिरीवरचा आंबा आहे का? हुरडा झाला का? संध्याकाळी त्यांनी आम्हां सगळ्यांना निंबाळकर तालमीच्या चौकात मस्तानी पाजली. दूध नि आइस्क्रीमचा हा एवढा पेला. दादांनी किंमत ऐकून मनात दुधाचा भाव काढला असणार, चेहरा तसा झाला होता.

आता तुम्ही म्हणाल, आमचं माणूस काही सदाशिव पेठेत राहत नाही. नसू दे. पण यात्रेहून आल्यावर मावंदं घालायची आपली जी चाल आहे, ती मुळात ह्याचसाठी आहे असं मला वाटतं. प्रवासाला गेलेल्यानं घरी येऊन आपल्या माणसांत बसावं, गंगा वाटावी, पाहिलेलं सांगावं आणि मागं राहिलेल्यांचं ऐकावं. त्याचं आपण काय केलं? मांडव, चारशे पानं, त्यासाठी उसनवारी. यजमानीणबाई चुलीपुढं आणि यजमान उधारीच्या हिशोबात, बोलायला फुरसत कुणाला! निघतानाच शेजाऱ्याला दोन दिवस जास्तीचे सांगून ठेवा. तुम्ही त्यांच्या वेळेला त्यांचं जनावर बघा. पाव्हण्यांकडे उतरणार असाल तर रिकाम्या हातानं जाऊ नका, आणि त्यांच्या सुट्टीचा वार बघून जा. पुण्या-मुंबईच्या माणसाला वेळ असतो तो शनिवार-रविवारचाच.

सोमवारी स्वारगेटला सासवडची गाडी लागली तेव्हा आम्ही पाच जणं होतो. मावंद्याला न्यायला परत कोण येणार, आताच चला, असं दादा म्हणाले होते. आक्कांनी एका पिशवीत दोन लुगडी भरली होती. त्या खिडकीशी बसल्या, गडू मांडीवर. दादा शेजारी. जमिनीचं दोघांनीही काढलं नाही. दिवे घाटात गाडी वळणं घेऊ लागली तेव्हा दादा हलकेच म्हणाले, "विहिरीवरचा आंबा आहे अजून. यंदा मोहोर दांडगा आलाय."

"मग आंबे उतरेपर्यंत राहीन म्हणते," आक्का म्हणाल्या.

घरी पोचलो तर गाय व्याली होती. कालवड झाली होती.