एकोणपन्नास की पन्नास?

आलेख काढावयाचा म्हटला की प्रथम अक्षावर समान अंतरांच्या खुणा कराव्या लागतात. कागदावर हे काम पट्टीने होते. संगणकावर त्यासाठी संख्यांची माला सिद्ध करावी लागते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात माइक बोस्टॉक व त्यांचे सहकारी यांनी २०११ साली पुढे आणलेल्या ‘डी-३’ या आलेखनाच्या आज्ञासंग्रहात ‘रेंज’ नावाची एक आज्ञा आहे. आरंभ, मर्यादा आणि पायरी या तीन गोष्टी सांगितल्या की ती सारी माला देते. मर्यादेची संख्या मात्र मालेत धरली जात नाही. ० ते १० मध्ये २ ची पायरी घेतल्यास ०, २, ४, ६, ८ अशा पाच संख्या मिळतात.

पूर्णांकांच्या बाबतीत हा व्यवहार चोख असतो. परंतु ० ते १ मध्ये ०.२ ची पायरी घेतली की चौथी संख्या ०.६ न येता ०.६००००००००००००००१ अशी येते. असे का व्हावे? दशमान पद्धतीत एकतृतीयांश लिहू लागल्यास ०.३३३… ही रांग कधीच संपत नाही. ती कोठेतरी तोडावी लागते. संगणक द्विमान पद्धतीने लिहितो. तीत अर्धा व पाव नेमके लिहिता येतात, एकपंचमांश मात्र येत नाही.

आता एका एककाचे ४९ समान भाग करू. अपेक्षा ४९ संख्यांची, मिळतात ५०! कारण १ ला पायरीने भागल्यावर संगणकाचे उत्तर ४९ हून किंचित अधिक येते व ते पुढील पूर्णांकावर नेले जाते. आलेखात एक खूण फुकट वाढते.

असली सूक्ष्म त्रुटी नेहमीच निरुपद्रवी नसते. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेची ‘पॅट्रियट’ यंत्रणा शत्रूचे क्षेपणास्त्र अडवू शकली नाही आणि २८ सैनिक प्राणास मुकले. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजीत असे, आणि एकदशांश ही संख्या २४ द्विमान स्थानांत तोडून ठेवलेली होती. शंभर तासांत सुमारे ०.३४ सेकंदाची चूक साचली होती.

आलेखापुरता उपाय सोपा आहे व तो ‘डी-३’ च्या मार्गदर्शिकेतच दिलेला आहे: प्रथम ० ते ४८ हे पूर्णांक घ्यावेत, मग प्रत्येकास ४९ ने भागावे. अपूर्णांकांत सूक्ष्म त्रुटी राहील, पण गणती चुकणार नाही. मोजणे पूर्णांकांवर सोपवावे आणि भागाकार शेवटी करावा, हेच यातील तात्पर्य.