व्ही.पी. सोडवून घ्या

‘तुमची व्ही.पी. आलीय, सोडवून घ्या,’ असं पोस्टमन दारातून सांगायचा, तेव्हा घरातून पहिला प्रश्न यायचा, ‘कितीची?’ पार्सल पोस्टातच असायचं. हातात नुसती चिठ्ठी, तिच्यावर रक्कम. सात दिवसांत पैसे भरले नाहीत तर पार्सल आल्या वाटेनं परत. मराठीत गहाण पडलेला दागिना सोडवतात, कोंडवाड्यातलं जनावर सोडवतात, आणि पोस्टातलं पार्सलही सोडवतात. वस्तू आपण मागवलेली, आपल्याच नावाची, पण ताबा दुसऱ्याकडे.

टपालानं माल मागवण्याच्या धंद्याची सगळी गोम या ‘सोडवण्या’त आहे. दुकानात एका हातानं पैसे द्यावेत, दुसऱ्या हातानं माल घ्यावा. पण दुकानदार आणि गिऱ्हाईक यांच्यात शेकडो मैल असले, तर आधी हात सैल कोणी करायचा? कॅटलॉग छापणं हे त्या मानानं सोपं काम होतं.

अमेरिकेत आरन मॉन्टगोमेरी वॉर्ड हा फिरता विक्रेता होता. गावोगाव हिंडताना शेतकऱ्यांचं एकच गाऱ्हाणं त्याच्या कानावर यायचं: गावात दुकान एक, भाव तो सांगेल तो. शहरातून माल घाऊक घ्यायचा आणि मधले दलाल गाळून थेट शेतकऱ्याला पाठवायचा, असा बेत त्यानं केला. जमवलेला पहिला माल 1871 च्या शिकागोच्या आगीत जळून गेला. तरी 1872 मध्ये त्यानं यादी काढलीच. कॅटलॉग कसला, एक छापील कागद होता तो; त्यावर 163 वस्तू आणि त्यांचे भाव. भाव इतके कमी की ‘शिकागो ट्रिब्यून’नं 1873 मध्ये ही फसवणूक आहे, सावध राहा, असं छापलं. पुढे शहानिशा झाल्यावर पत्राला ते मागे घ्यावं लागलं.

स्वस्ताईचाच संशय येतो म्हटल्यावर वॉर्डनं 1875 मध्ये हमी दिली: माल पसंत पडला नाही तर पैसे परत. म्हणजे आधी हात सैल गिऱ्हाइकानं करायचा, पण धोका दुकानदारानं पत्करायचा. आज हे वाक्य कुठल्याही पिशवीवर छापलेलं असतं, म्हणून त्याचं धाडस लक्षात येत नाही.

रिचर्ड सीअर्सचा धंदा तर नको असलेल्या पार्सलातूनच जन्मला. 1886 मध्ये तो मिनेसोटातल्या एका लहानशा रेल्वे स्टेशनवर एजंट होता. गावातल्या जवाहिऱ्यानं घड्याळांची खेप घ्यायचं नाकारलं. सीअर्सनं ती स्वतः उचलली आणि लाइनवरच्या इतर एजंटांना विकून नफा कमावला. पुढे अल्वा रोबक हा घड्याळजी त्याच्या जोडीला आला आणि 1893 मध्ये ‘सीअर्स, रोबक अँड कंपनी’ हे नाव ठरलं. सीअर्सची जाहिरातीची लेखणी अशी चालायची की माल तिच्या मागे धापा टाकत यायचा. कंपनीला शिस्त लावली ती नंतर आलेल्या ज्यूलियस रोझनवाल्डनं. सीअर्सनं आपला कॅटलॉग मुद्दाम वॉर्डच्या कॅटलॉगपेक्षा आकारानं थोडा लहान ठेवला, असं सांगतात. घरची बाई आवरायला लागली की लहान पुस्तक आपोआप मोठ्याच्या वर ठेवते, हा हिशोब. खरंखोटं काही असो, घर आवरताना पाहिलेल्या माणसालाच हे सुचेल.

सीअर्सच्या कॅटलॉगात सगळं मिळायचं: शिवणयंत्रं, नांगर, कपडे, औषधं, आणि 1908 पासून चक्क घरंसुद्धा. लाकूड, खिळे, रंग, दारं-खिडक्या, सगळे भाग रेल्वेनं यायचे आणि नकाशाबरहुकूम ते जोडायचे. 1940 पर्यंत अशी सत्तर हजारांहून अधिक घरं विकली गेली. त्यांतली कितीतरी आजही उभी आहेत.

गावातल्या दुकानदारांना हे सोसणं शक्यच नव्हतं. काही गावांत त्यांनी कॅटलॉग गोळा करून होळ्या केल्या. पण त्याच काळात दक्षिणेकडच्या राज्यांत कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला गावच्या दुकानात गोऱ्यांचं झाल्यावर माल मिळायचा, तोही दुकानदार देईल तो, देईल त्या उधारीवर. कॅटलॉगला मागणाऱ्याचा रंग दिसत नव्हता. टपालाचा हा सगळ्यात मोठा गुण मला वाटतो. पुढे 1 जानेवारी 1913 ला अमेरिकी टपाल खात्यानं पार्सल सेवा सुरू केली आणि या कंपन्यांचा धंदा आणखी फोफावला.

आधी हात सैल कोणी करायचा, या भांडणाचा निवाडा आपल्याकडे वेगळा झाला, आणि तोही लवकर. वॉर्डच्या हमीनंतर दोनच वर्षांनी, 1877 मध्ये, हिंदुस्थानच्या टपाल खात्यानं व्हॅल्यू पेएबल, म्हणजेच व्ही.पी., पद्धत सुरू केली. पोस्टकार्ड 1879 चं, मनीऑर्डर 1880 ची. म्हणजे ही त्या दोन्हींच्या आधीची. दुकानदारानं पार्सल पोस्टात द्यायचं, वसुलीची रक्कम लिहायची. पोस्टानं गिऱ्हाइकाकडून पैसे घेऊनच पार्सल सोडायचं आणि पैसे दुकानदाराला पोचते करायचे. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसला तरी दोघांचा पोस्टावर आहे, तेवढं पुरे. गंमत म्हणजे खुद्द इंग्लंडात देशांतर्गत अशी सोय व्हायला 1926 साल उजाडलं, कारण तिथल्या लहान दुकानदारांचा विरोध होता. वसाहतीत मात्र ती जवळजवळ पन्नास वर्षं जुनी झाली होती.

जुन्या मराठी मासिकांची मलपृष्ठं पाहा. पुस्तकं, घड्याळं, केशतेलं, बियाणी, पेटी शिकण्याची पुस्तकं आणि शक्तिवर्धक गोळ्या. खाली ठरलेली ओळ: किंमत अमुक, ट. ह. निराळे. ट. ह. म्हणजे टपाल हशील. लबाडीही लगोलग आलीच. 1898 च्या टपाल कायद्यात तरतूद करावी लागली की, आलेल्या खऱ्या मागणीवरूनच हा माल पाठवत आहे, असं पाठवणाऱ्यानं लिहून दिल्याशिवाय व्ही.पी. घेतली जाऊ नये. म्हणजे न मागवलेली पार्सलं लोकांच्या गळ्यात मारणारे तेव्हाच होते. फसवणूक असेल तर वसूल झालेले पैसे अडवून गिऱ्हाइकाला परत करता यावेत, अशी सोयही कायद्यात होती.

आमच्या घरी ती सोय कोणाला ठाऊक नव्हती. मासिकात नऊ चौकोनांचं कोडं होतं: कसंही मोजा, बेरीज पंधरा आली पाहिजे. मी सोडवलं. अभिनंदनाचं पत्र आलं, ट्रान्झिस्टर निम्म्या किमतीत. वडिलांनी पोस्टात पैसे भरले. पार्सल पैसे भरण्याआधी उघडून पाहता यायचं नाही, हा या पद्धतीतला खरा दोष. घरी येऊन उघडलं तर आत देखणा डबा, समोर जाळी, बाजूला दोन बटणं. बटणं फिरायची सुद्धा. आत काहीच नव्हतं. आईनं पुढे त्यात सुयादोरे ठेवले.

फ्लिपकार्टनं 2010 मध्ये ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ सुरू केली तेव्हा तिचं नवलाईनं कौतुक झालं. पोस्टातल्या कारकुनांना हसू आलं असेल.

सीअर्सनं आपला मोठा कॅटलॉग 1993 मध्ये बंद केला. त्याचे अंक कित्येक अमेरिकी घरांत शेवटी संडासात कागद म्हणून संपले, तरी पुष्कळ उरले. शंभर वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्याच्या घरी काय होतं हे पाहायला अभ्यासक आज तेच उघडतात. आपली सूचिपत्रं आणि मलपृष्ठं मात्र बहुतेक वाण्याच्या पुड्यांत गेली. जुने अंक बांधणाऱ्यांनीही जाहिरातींची पानं फाडून मगच बांधले. तुमच्या माळ्यावर जुन्या अंकांचा गठ्ठा असेल, एखाद्या बियाणेवाल्याचं किंवा पुस्तकवाल्याचं सूचिपत्र असेल, तर ते रद्दीत घालू नका. जवळच्या ग्रंथालयात नेऊन द्या, आणि शेवटच्या पानांसकट द्या.